पिवळ्या धाग्याचं पोतं

१४ ऑक्टोबर

ही वही नवीने दिली. म्हणाली, "तुझं डोकं दिवसभर घरातल्यांवर चालतं, जरा कागदावर चालव. त्यांनाही विसावा मिळेल." तिचं बोलणं असंच. लागतं, पण राग येत नाही. ती आणि तिचा नवरा खालच्या खोऱ्यातून वर येऊन सहा वर्षं झाली, तरी गावाला तो नवा आणि ती नवी. साठ वर्षं राहिले तरी नवेच म्हणवले जातील.

पण आज लिहायला खरंच काहीतरी आहे. आज पेवाची किल्ली माझ्या कमरेला लागली!

पेव म्हणजे डोंगराच्या पोटात खणलेली दगडी खोली. तेवीस घरांचे बियाण्याचे बटाटे हिवाळाभर तिथे राहतात, दर घरची तीन पोती. घरात ठेवले तर गोठतात. खालून बी आणावं म्हटलं, तर बर्फाने रस्ता डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बंद. आणि खालचं बी इथे नुसतं पानांनी माजतं, बटाटा धरायच्या आत थंडी दारात उभी. म्हणजे पेव सडलं तर गावाने पेरायचं काय, हा प्रश्नच.

म्हणून किल्लीवालीने प्रत्येक पोतं आत जाण्याआधी हुंगायचं. सड डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी नाकाला कळते. एकतीस वर्षं हे काम सासूबाईंनी केलं. आज त्यांनी सगळ्या गावासमोर किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे." चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. मला रडू आलं. शिंक आल्याचं सोंग केलं.

बावीस घरांची सहासष्ट पोती हुंगली. दोन बदलून आणायला परत पाठवली, दोन्ही गिरणीवाल्या काकांची. गावाच्या बैठकीत मधोमध बसणारा माणूस तो, त्याला कोण परत पाठवणार! "तुझ्या सासूने गेल्या दोन वर्षांत माझं एक पोतं अडवलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही निवडून आणत असाल, काका." आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत.

सगळ्यात स्वच्छ पोती नव्याची. प्रत्येक घर आपली पोती वेगळ्या रंगाच्या लोकरीने बांधतं, आमची निळी, त्याची पिवळी. काका म्हणाले, त्याचं दोनदा हुंग. दोनदा हुंगलं. दोन्ही वेळा उन्हात वाळलेल्या मातीचा वास, बाकी काही नाही.

१५ ऑक्टोबर

किल्लीवालीने स्वतःच्या घरची पोती हुंगायची नाहीत, अशी रीत आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आमच्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. आमची पोती जुनी किल्लीवाली, म्हणजे सासूबाई, हुंगणार.

ह्यांचा ओढ्याकाठचा तुकडा यंदा खणायचा राहून गेला होता. परवा पहाटे जमीन गोठून पांढरी झाली, तेव्हा कुठे जाग आली. तिसऱ्या पोत्याला एक टोपली कमी पडत होती, ती तिथलीच भरली. सासूबाईंनी प्रत्येक पोत्यात डोकं घालून इतका वेळ लावला की माझे पाय दुखायला लागले. काल मी काकांची पोती अख्ख्या गावासमोर परत केली, आज माझी परीक्षा. शेवटी एकदाच्या म्हणाल्या, "बरंय. जाऊ दे."

आमची पोती नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी आत गेली, मागच्या कोपऱ्यात, वरच्या थरावर. खाली नव्याची आहेत.

३ नोव्हेंबर

नवा सकाळी दारात. "वहिनी, जरा पेव उघडता का? मागची भिंत पाझरेल असं वाटतंय. पोत्यांखाली पेंढा सारतो."

उघडलं. मी दिवा धरून दारात उभी राहिले आणि तो बाहेर येईपर्यंत हलले नाही. किल्लीवालीने हलायचंच नसतं. त्याने स्वतःच्या पोत्यांखाली पेंढा घातला, मग शेजारच्या चार घरांच्याही घातला. पेंढा त्याचाच. इथे कुणी कुणाला फुकट काडी देत नाही, म्हणून जरा चमत्कारिक वाटलं. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "चांगला माणूस आहे." ह्यांना सगळेच चांगले वाटतात.

२ डिसेंबर

रस्ता बंद झाला. आता एप्रिलपर्यंत आपलीच तोंडं आपण बघायची.

सासूबाई चुलीला टेकून लोकर पिंजत होत्या आणि हातभर अंतरावर दूध करपत होतं. मला गोठ्यात वास आला! धावत आले तर ह्या आपल्या शांत.

"अहो आई, दूध!"

"अगंबाई. लक्षच नव्हतं बघ."

हातभर अंतरावर लक्ष नव्हतं. हल्ली भाजीतही मीठ दुप्पट घालतात आणि वर विचारतात, बरी झालीये ना? माझ्या मते किल्ली दिल्याचा पश्चात्ताप होतोय आणि तो माझ्या दुधावर निघतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

नवी दुपारी विणायला आली. तिच्या नवऱ्यासाठी स्वेटर चाललाय, बाह्या मी विणून देते, तिला गळा जमतो आणि मला जमत नाही. तिच्याजवळ बसलं की जीव हलका होतो.

९ जानेवारी

पेवाचं दार उघडलं आणि पाऊल तिथेच थांबलं.

गोडसर काहीतरी. अगदी थोडं. दार लावून बाहेर आले, बर्फाकडे तोंड करून दहा श्वास घेतले, पुन्हा आत गेले. होतं.

१० जानेवारी

आहे. मागच्या कोपऱ्यातून येतंय. पोती इतकी दाटून रचली आहेत की एकटीने हलवता येत नाहीत.

कुणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षांत सासूबाईंच्या हाताखाली एक बटाटा सडला नाही आणि माझ्या पहिल्याच हिवाळ्यात हे. उद्या पुन्हा बघते. कदाचित उंदीर मेला असेल. उंदीरच मेलेला असावा, एवढं मागितलं तर काही जास्त नाही.

११ जानेवारी

उंदीर नाही.

१२ जानेवारी

आज सांगितलं. तीन दिवस गेले ते माझ्यामुळे गेले, हे मला माहीत आहे आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही.

अख्खं गाव पेवापुढे. एकेक पोतं बाहेर काढून घोंगड्यांत गुंडाळून ठेवायचं, चांगलं वाईट वेगळं करायचं, थंडीत बाहेर फार वेळ ठेवायचं नाही. सगळे धावत होते. मागच्या कोपऱ्याला पोचलो तेव्हा बायकांनी पदर नाकाला लावले. सोळा पोती गेली. एकोणसत्तरातली सोळा. आमचं एक पोतं खालच्या अंगाने फुटून लोंबत होतं. त्याच्या खालचं पिवळ्या धाग्याचं तर पोतं म्हणायच्याही लायकीचं उरलं नव्हतं, निव्वळ चिखल.

"सुरुवात इथून झाली," काका त्या चिखलावर काठी टेकवून म्हणाले.

हे माझ्या शेजारी होते. पुटपुटल्यासारखं म्हणाले, "पाणी खालून वर चढत नाही." मी म्हटलं, "आत्ता कोड्यात बोलू नका हो." मान खाली घालून ते पोती उचलायला लागले.

घरी आले तेव्हा माझ्या शालीला असा वास होता की कुत्रं उठून बाहेर गेलं. सासूबाईंनी ती माझ्या खांद्यावरून काढली, नीट घडी घातली आणि पेटीत ठेवली. धुतलेल्या कपड्यांवर! आजच्या दिवशीही सासूबाईंना मला डिवचायचं सुचतं, म्हणजे कमाल आहे.

१५ जानेवारी

बैठक झाली. अक्षर वाकडं येतंय.

अशा वेळची रीत जुनी आहे. उरलेली सगळी पोती एकत्र करायची आणि घराघराला सारखी वाटायची. फक्त ज्या घरच्या पोत्यातून सड निघाली, त्याला वाटा नाही, आणि त्याची उरलेली पोतीही वाट्यात जातात. सासूबाईंकडे किल्ली येण्याच्याही आधी एका घरावर हे आलं होतं. ते घर आता रिकामं आहे. काका तिथे मेंढ्या बांधतात.

काका म्हणाले, "चिखल कुणाच्या पोत्याचा झाला ते सगळ्यांनी पाहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण ती पोती तर हिने हुंगून घेतली होती."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या माणसांनी एकदम बघितलं की काय होतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. एक तर माझं नाक खोटं, नाहीतर पोतं आत गेल्यावर काहीतरी झालं. आणि मला पेंढा आठवला.

मी सांगितलं की नोव्हेंबरात नव्याने पेव उघडायला लावलं होतं. आत गेला होता. पेंढा घेऊन.

"वहिनी," नवा म्हणाला, "तुम्ही दारातच होता की."

"दिवा आणायला गेले होते मी," मी म्हटलं. "बहुतेक."

बहुतेक हा शब्द कुणी ऐकला नाही. काका म्हणाले, "झालं तर. पेंढ्यात लपवून कुजके बटाटे आत सारले आणि चांगले घरी नेले. खायला." सगळीकडे कुजबूज झाली. नवी भिंतीपाशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिच्याकडे बघितलं नाही.

अजून सड पसरते का ते तीन आठवडे बघायचं आणि पाच फेब्रुवारीला वाटप करायचं ठरलं. नव्याला वाटा द्यायचा की नाही, तेही तेव्हाच ठरेल. ठरल्यातच जमा आहे.

येताना हे दहा पावलं पुढे चालत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझं नाक चुकणार नाही." दुसऱ्यांदा कौतुक. या वेळी रडू आलं नाही.

१६ जानेवारी

दिवा आणायला गेलेच असणार. पेवात अंधार असतो, दिव्याशिवाय कोण जाईल? म्हणजे मी दिवा आणायला गेले होते. त्याशिवाय हे जुळत नाही.

२३ जानेवारी

नवी आली. विणकाम आणलं नव्हतं. चुलीपाशीही आली नाही, उंबऱ्यावरच थांबली.

"तू खरंच गेली होतीस दिवा आणायला?"

"गेले होते."

"तो म्हणतो, दिवा तुझ्या हातात होता. त्याच उजेडात त्याने पेंढा घातला म्हणतो."

"मग मी खोटं बोलते का?"

"मी विचारतेय," ती म्हणाली. "सहा वर्षांत मी तुला पहिल्यांदाच काहीतरी विचारतेय."

मी म्हटलं, मला भाकऱ्या थापायच्या आहेत. ती गेली.

तिच्या गोड बोलण्यालाही मला आता पेवासारखाच वास येतो. आधी वही द्यायची, बाह्या विणून घ्यायच्या, आणि मग दारात येऊन साक्ष फिरवायला सांगायचं. गाव उगाच नाही सहा वर्षं त्यांना नवे म्हणत. गावाला काहीतरी कळत असेल.

३० जानेवारी

नव्याच्या घरी कुणी जात नाही. पाणवठ्यावर नवी आली की बायकांच्या बादल्या लवकर भरतात. मीही आज अर्धीच बादली घेऊन आले.

झोप नाही. भूक नाही. नाक मात्र इतकं तिखट झालंय की ह्यांच्या सदऱ्याला धुराचा वास येतो की घामाचा, ते अंगणातून सांगू शकते. काय उपयोग?

४ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी हे गोठा साफ करताना थांबले आणि फावड्याकडे बघत म्हणाले, "तिसऱ्या पोत्यातली ती टोपली ओढ्याकाठची होती."

"माहीत आहे. मीच धरली होती टोपली."

"जमीन गोठल्यानंतरची. गोठून वितळलेला बटाटा टिकत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण म्हटलं, आई हुंगतेच आहे. वाईट असेल तर बाजूला काढेल. तिने जाऊ दे म्हटल्यावर मी सुटलो." मग म्हणाले, "आमचं पोतं वर होतं गं. त्याचं खाली."

"हे आज सांगताय? उद्या वाटप असताना?"

"त्याच दिवशी सांगितलं होतं. हळू सांगितलं, एवढंच. मोठ्याने सांगायची छाती नाही झाली."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. मग म्हटलं, थांबा, सगळं लिहिलेलं आहे माझ्याकडे. आत येऊन वही काढली, त्यांना खोटं पाडण्यासाठी. पंधरा ऑक्टोबर वाचलं. टोपली तिथेच, माझ्याच अक्षरात. चौदा वाचलं. उन्हात वाळलेल्या मातीचा वास. दोनदा. मग तीन नोव्हेंबर.

"मी दिवा धरून दारात उभी राहिले आणि तो बाहेर येईपर्यंत हलले नाही."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. शाई माझी, हात माझा. आणि सोळा जानेवारीला त्याच हाताने लिहिलंय की दिवा आणायला गेल्याशिवाय जुळत नाही. दिवा माझ्या हातातच होता! मागचं पान उलटायला मला तीन आठवडे सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे सुचू दिलं नाही.

तरी एक गोष्ट उरत होती. गोठलेल्या बटाट्याचा वास सासूबाईंना कसा चुकला? मग करपलेलं दूध आठवलं, मीठ आठवलं, आणि पेटीतली ती शाल.

अंगणाच्या कडेला टाकलेल्या सडक्या बटाट्यांतला एक उकरून फडक्यात बांधला. दुसऱ्या फडक्यात चांगला बांधला. दोन्ही सासूबाईंच्या नाकापाशी धरले.

"आई, यातला वाईट कुठला?"

सडक्याचा वास घरभर पसरला होता. त्यांनी दोन्ही फडकी हुंगली. परत हुंगली. मग फडक्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, तिथे उत्तर दिसतंय का म्हणून. एकतीस वर्षं जिच्या होकाराशिवाय एक पोतं आत गेलं नाही, ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते सहन झालं नाही. मी हात खाली घेतला.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला तो मोठा ताप आला होता, त्यानंतर. आधी वाटलं, येईल परत. पहिल्या वर्षी अंदाजाने केलं, दुसऱ्या वर्षी नशिबाने. तिसऱ्या वर्षी भीती वाटली, म्हणून तुला दिली."

"म्हणजे माझं नाक चांगलं म्हणून नाही."

"चांगलं आहे म्हणूनच दिली. नाहीतर गिरणीवाल्याच्या बायकोला दिली असती." मग हळूच म्हणाल्या, "तुझीच पोती तेवढी माझ्याकडे येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. अख्ख्या गावाचा विचार केला आणि घर राहिलं."

संध्याकाळ होत आलीये. उद्या मी गप्प बसले तर नव्याचं घर उठेल, मेंढ्यांची सोय होईल आणि किल्ली माझ्याकडे राहील. बोलले तर आम्हाला एक बटाटा पेरायला मिळणार नाही. दोन पानं आहेत फक्त, चौदा-पंधराचं एक आणि तीन नोव्हेंबरचं एक. चूल पेटलेली आहे.

५ फेब्रुवारी

वही घेऊन गेले.

काकांनी सुरुवात करायच्या आत मी उभी राहिले आणि म्हटलं, मला वाचून दाखवायचं आहे. हसले लोक. चौदा ऑक्टोबरचं वाचलं, काकांच्या दोन पोत्यांसकट. पंधराचं वाचलं. तीन नोव्हेंबरचंही वाचलं. मग म्हटलं, "मी खोटी साक्ष दिली. सड आमच्या पोत्यातून निघाली. आणि वास आल्यावर तीन दिवस मी कुणाला सांगितलं नव्हतं."

सासूबाई कधी आल्या मला कळलं नाही. बर्फातून काठी टेकत एकट्या आल्या होत्या. "नाक माझं गेलं," त्या म्हणाल्या. "शिक्षा मला करा. किल्ली हिच्याकडे राहू द्या."

"रीत म्हणजे रीत," काका म्हणाले. मी कमरेची किल्ली सोडून त्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी उठून आमची उरलेली दोन पोती स्वतः खांद्यावरून आणून वाट्यात टाकली. पहिल्यांदा मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तोही अशा दिवशी.

नव्याला वाटा मिळाला. तो घेताना त्याने कुणाचे आभार मानले नाहीत. मला वाटलं होतं, तो काहीतरी बोलेल, निदान रागावेल. तो पोतं उचलून निघाला, त्याच्या मागून नवी निघाली, आणि दोघंही माझ्या इतक्या जवळून गेले की पोत्यातल्या मातीचा वास आला.

८ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझ्या विणायच्या सुया, माझी चाळणी आणि गेल्या वर्षी दिलेला लोण्याचा डबा, घासून लख्ख. शेजारी स्वेटरच्या दोन बाह्या. माझ्या विणलेल्या. उसवलेल्या नव्हत्या, फक्त अंगापासून सोडवून वेगळ्या केल्या होत्या.

१९ एप्रिल

रस्ता उघडला. हे परवा कामाला खाली जाणार, कापणीपर्यंत. खायचे बटाटे जूनपर्यंत पुरतील, पुढचं पुढे. पिशवीभर जव होता, तो वरच्या तुकड्यात टाकायचं ठरवलं. बाकी शेत यंदा रिकामं.

रिकामं असलं तरी नांगरलं. सगळा डोंगर नांगरत असताना आपण हात बांधून बसायचं कसं? सासूबाई बांधावर येऊन बसल्या. किल्ली गेल्यापासून त्या फार बोलत नाहीत आणि मीही त्यांना फार बोलत नाही. पण मीठ आता मी घालते, आणि त्या घालू देतात.

पहिली माती उलटली तेव्हा त्या म्हणाल्या, "कसा येतोय गं वास?"

मी सांगितलं. वरच्या थराला बर्फाच्या पाण्याचा, खाली गेल्यावर जुन्या मुळांचा, आणि ओढ्याच्या बाजूला थोडा आंबट. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आंबट आहे तिथे राख टाक," म्हणाल्या. टाकली.

वरच्या शेतात नवी पेरत होती. दुपारी ती बांधापर्यंत आली. अडीच महिन्यांनी मी तिला इतक्या जवळून पाहिलं, वाळली आहे.

"त्या दिवशी बैठकीत वाचलंस," ती म्हणाली, "ते त्याच वहीतलं?"

"हो."

"तीनच दिवसांचं वाचलंस. बाकीचं काय आहे तिच्यात?"

"सगळंच आहे."

"माझ्याबद्दल?"

मी हो म्हणून मान हलवली.

"गावाला सांगितलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. पण मी दारात येऊन विचारलं होतं, ते अजून तसंच आहे. मला वाचायला दे ती वही." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वर गेली.

घरी येऊन तेवीस जानेवारी वाचलं. पेवासारखा वास, ते वाक्य. तिने हे वाचलं तर पुन्हा या बांधावर येणार नाही, हे मला कळतं. चांगल्या अक्षरात दुसरी प्रत करून तेवढं पान गाळावं, हेही सुचलं. मला असं काही पटकन सुचतं. पण ते पान राहू दे. तीस जानेवारीची अर्धी बादलीही राहू दे.

उद्या सकाळी वही तिच्या उंबऱ्यावर ठेवून येणार आहे. दार वाजवणार नाही.

नवी, दिवा माझ्या हातात होता. मी दारातून हलले नव्हते.